न्हाणीमागचा वाळा

परवा औषधी दुकानात वाळ्याची जुडी मागितली, तर तिथल्या पोरीनं प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेलं एक पुडकं माझ्यापुढे ठेवलं. घरी येऊन पिशवी फोडली आणि नाकाशी धरली. काडीकचरा नुसता. पाण्यात टाकला तर पाण्याला धुळीचा वास आला. माझ्या आईनं हे बघितलं असतं तर ती पुडकं घेऊन परत दुकानात गेली असती, त्या पोरीला उभं करून वाळा कशाला म्हणतात हे समजावलं असतं, आणि मागे दहा माणसं खोळंबली असती तरी जागची हलली नसती. आमच्या घरात वाळा विकत आणायची पद्धतच नव्हती. कोथिंबीर विकत आणावी, कढीपत्ता फार तर शेजारून मागावा, पण वाळा आपला हवा, असं तिचं ठाम मत होतं.

आईचं माहेर भोकरचं. ती परकरात वावरत होती तेव्हाच तिची आई गेली. भाऊ होता, भावजय होती, वर्षाकाठी एखादं पोस्टकार्डही यायचं. पण दिवाळीला कुणी न्यायला आलं आहे, आल्या आल्या कुणी पाठीवरून हात फिरवून 'वाळलीस गं' म्हटलं आहे, असं तिच्या नशिबी फारसं आलं नाही. ताईच्या वेळी आणि माझ्या वेळी, दोन्ही बाळंतपणं तिची सासरीच झाली. लग्न होऊन नांदेडला आली तेव्हा परसातल्या वाळ्याचा एक ठोंब तिनं ओल्या पोत्यात बांधून बरोबर घेतला होता. तिच्या आईनं लावलेल्या वाळ्याचा तो फुटवा. नांदेडला गोदावरीची कृपा. आमच्या भाड्याच्या घराच्या मोरीतून दिवसभर पाणी वाहायचं आणि त्या पाण्यावर तो ठोंब असा फोफावला होता की मी त्याच्यामागे लपले तर सापडत नसे.

न ओळखणाऱ्याला वाळा म्हणजे गवतच. पात लांब, चिवट, कडेनं धारदार. लहानपणी माझी बोटं कितीदा तरी कापली. पातीला वास नाही, फुलाला वास नाही. जे काही आहे ते सगळं मातीखाली, मुळांत. थंडी सरत आली की आई ठोंबाची एक बाजू खणायची, लागतील तेवढी मुळं तोडून घ्यायची, आणि फुटवे पुन्हा मातीत लावून टाकायची. मुळं धुऊन सुपात पसरली की घरभर ओल्या जमिनीसारखा, पण त्याहून गोड असा वास भरून राहायचा. त्यातली पहिली जुडी देवाच्या तांब्यात, दुसरी माठात, उरलेली लुगड्यांच्या ट्रंकेत. देवाच्या तांब्यात जायचं म्हणून वाळ्याला काय पाणी घालायचं याचे आईचे कायदे होते. अंघोळीचं चालेल, तांदूळ धुतलेलं चालेल. खरकटं चालणार नाही, विटाळशीच्या अंघोळीचं तर नाहीच नाही. सोयरसुतकाचेही सगळे नियम तिला तोंडपाठ होते. बाळंतिणीला दहा दिवस, माहेरी बाळंत झालेल्या लेकीचं आईबापांना तीन दिवस, सासरी नांदणाऱ्या बाईला माहेरच्या मरणाचं तीन दिवस. गल्लीतल्या बायका पंचांगाआधी तिला विचारायच्या, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा बाबांची तिकडे बदली झाली. कचेरी नवी, टेबलं नवी, बाहेरच्या पाटीचा रंगही ओला. सगळं गाव एक इंच उंच झाल्यासारखं चालत होतं. हजामापासून आडत्यापर्यंत जो तो 'आता आपण जिल्ह्याचं ठिकाण' असं वाक्यात कुठंतरी घालायचाच. आम्ही मात्र नांदेडहून, म्हणजे जुन्या जिल्ह्याहून आलो होतो, त्यामुळे आईला त्याचं काही वाटलं नाही. सामानाच्या ट्रकमध्ये भांडी, गाद्या, बाबांची सायकल, आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर ओलं पोतं घेतलेली आई. वाटेत जिथं ट्रक थांबला तिथं तिनं आधी पोत्यावर पाणी शिंपडलं, मग आम्हाला प्यायला दिलं. बाबा म्हणाले, "अगं, पोरीला पण दे जरा. तीही आपल्याबरोबरच आली आहे."

घर मिळालं ते एका लिंगायत आडत्याच्या आवारात. मालक दिवसभर बाजारात, त्यामुळे राज्य मालकिणीचं. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची, मग आम्हीही म्हणू लागलो. माहेर त्यांचं उदगीरच्याही पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचा आणि रागावल्या की पूर्ण वाक्यच कानडीत निघायचं. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जावी. आवारात विहीर होती. न्हाणीमागे ओली जागा होती आणि तिथं अव्वांची पांढरी कण्हेर होती, पूजेच्या फुलांसाठी लावलेली. आईनं त्या कण्हेरीच्या शेजारी दोन हात जागा मागून घेतली आणि पोतं सोडलं. अव्वा कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

"बाई, गवत लावून राहिल्या? म्हैस तर दिसत न्हाई तुमच्याकडं."

"वाळा आहे अव्वा."

"ह्यो वाळा?" अव्वांनी वाकून पात ओढून बघितली, बोट कापलं तसं ते तोंडात घातलं. "अय्यो! मुळी बघितली बाजारात. झाड पहिल्यांदा बघून राहिले. लई वंगाळ दिसतंय की."

आईला राग आला. पुढचे दोन दिवस ती त्यांच्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली. पण अव्वांना रुसवा कळायचाच नाही. तिसऱ्या दिवशी त्या हुग्गीनं भरलेलं भांडं घेऊन आल्या. खपली गव्हाची, गुळाची, वरून तुपाची धार. माझी जीभ तिथेच अव्वांच्या बाजूला गेली. आईनं भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी घालून पाठवली, आणि मग हे भांडं दोन घरांत असं फिरत राहिलं की ते मुळात कोणाचं, यावर पुढे अनेक वर्षं वाद होता. त्या आवाराचे आवाज मला अजून ओळीनं आठवतात. पहाटे राहाटाची कुरकुर, मग अव्वांची पूजा, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पुटपुटणं; मग भाकरी थापल्याचे आवाज, आधी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे. आईची भाकरी पातळ आणि अव्वांची कडक, महिनाभर टिकणारी. दोघींनाही दुसरीची भाकरी खरी भाकरी वाटत नसे.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. मृग गेला, पोळा कोरडा गेला, दिवाळीत विहिरीचा तळ दिसायला लागला आणि संक्रांतीला तर कळशी बुडवायला आत उतरावं लागू लागलं. जिल्ह्याच्या ठिकाणी टँकर आले आणि त्यांच्यामागे पळणाऱ्या बायका आल्या. बाबा म्हणाले, "जिल्हा झाला, पाणी तालुक्याचंच राहिलं." अव्वांनी राहाटाचा दोर काढून स्वतःच्या घरात खुंटीला टांगला. सकाळी त्या दोर लावणार, आधी त्यांच्या घागरी, मग आमच्या ठरलेल्या दोन, मग दोर आत. कुणी कुरकुरलं नाही. तेवढं तरी मिळत होतं ही त्यांचीच मेहेरबानी होती.

पाणी पुरवायची एक रीत तेव्हा घरोघरी होती. न्हाणीत जुनी, सैल विणीची बाज टाकायची, बाजेखाली पसरट घमेली ठेवायची, आणि बाजेवर बसून अंघोळ करायची. अंगावरून गेलेलं पाणी घमेल्यात. त्यात कपडे भिजवायचे, आणि साबण लागायच्या आधीचं पाणी वेगळं काढून झाडाला. ओल्या काथ्याचे वळ मांड्यांवर उठायचे आणि शाळेत बाकावर बसताना सगळ्या मुली एकदमच कळवळायच्या. आमच्या घमेल्यातलं अर्धं पाणी वाळ्याला आणि अर्धं अव्वांच्या कण्हेरीला असं आईनं स्वतःहून ठरवलं होतं. जागा त्यांची, पाणी त्यांचं. कण्हेर आधी, असं ती म्हणायची. वाळा जगला होता तो आमच्या अंगावरून आलेल्या पाण्यावर.

त्याच उन्हाळ्यात ताईचं पहिलं बाळंतपण आलं. ताई दिलेली उदगीरला. तिच्या सासूबाई समजूतदार. त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडला की तुमच्याकडे पाण्याचे एवढे हाल, आमच्याकडे निदान आड आहे, बाळंतपण इकडेच करू, वाईट वाटून घेऊ नका. बाबांना ते पटलं. बाळंतिणीला रोज कढत पाणी, बाळाला पाणी, बाळोत्यांना पाणी. दोन घागरींत हे बसायचं कसं? आईनं ऐकून घेतलं, तांदूळ निवडत राहिली आणि म्हणाली, "मला कुणी नेलं नाही. माझ्या लेकीला मी आणणार." बाबांनी पुन्हा पाण्याचं काढलं तसं तिनं सूप खाली ठेवलं. "दोन्ही वेळेला सासूच्या तोंडाकडे बघत पाणी मागितलंय मी. 'पुरे आता' ऐकलंय बाजेवर बसून. माझ्या पोरीनं ते ऐकायचं नाही." मी दाराआड होते. आईला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही तिनं तांदळाच्या धुळीवर ढकलून निभावून नेलं.

आमच्या घरात बोललेलं अव्वांना ऐकू जायचं, भिंतच तेवढी पातळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोन घागरी भरून झाल्या तरी त्यांनी दोर काढला नाही. आणखी दोन भरल्या आणि आमच्या उंबऱ्याशी आणून ठेवल्या.

"आणा बाई लेकीला," त्या म्हणाल्या. "रोज ह्या दोन बाळंतिणीच्या. फिकीर करू नका. आम्ही म्हातारी माणसं, आम्हाला न्हाऊन कुठं लग्नाला जायाचंय?"

त्या दिवसापासून अव्वांनी डोक्यावरून पाणी घेणं बंद केलं हे मला पुढे त्यांच्या सुनेकडून कळलं. पूजेपुरता एक तांब्या अंगावर, बास. भर उन्हाळ्यात, त्या वयात. आईला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढचं घडलं नसतं.

ताई आली, दिवस भरले, आणि एका दुपारी भिंतीपलीकडून अव्वा थाळी वाजवू लागल्या तेव्हा आम्हाला बाहेर कळलं की मुलगी झाली. बाबा आवारात उगीच सायकल पुसत उभे होते, ते ती पुसतच राहिले. घरात शेगडी आली, ओव्याची धुरी आली, डिंकाचे लाडू आले. रोज सकाळी बाजेवर ताईची अंघोळ, मग आई पाय पसरून बाळाला पायांवर घ्यायची. आम्ही बाकीच्यांनी अंघोळ बंद केली होती. ओला पंचा अंगावरून फिरवायचा आणि झालं. सगळं पाणी बाळंतिणीचं. आणि इथं आई अडकली. पाणी होतं, घमेलं भरत होतं, पण ते सोयराचं पाणी. वाळ्याला ते कसं घालायचं? त्याची मुळी देवाच्या तांब्यात जायची. त्याहून मोठी पंचाईत कण्हेरीची. तिची फुलं अव्वा लिंगावर वाहायच्या. दोन्ही झाडं एका ओलीत, एकाला घातलं की दुसऱ्याला गेलंच. बाळोती त्या पाण्यात खंगाळून झाली की उरलेलं पाणी आई मागच्या दारानं गल्लीत नेऊन ओतायची. मी विचारलं तर म्हणाली, "दहा दिवसांचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या देवाशी खेळायचं नसतं."

पाचव्या दिवशी अव्वा गल्लीतूनच येत होत्या. त्यांच्या समोर पाणी मातीवर पसरलं. त्या दुष्काळात ओल्या मातीचा वास म्हणजे माणसं घरातून बाहेर येऊन बघायची. अव्वांनी आधी ओली गल्ली पाहिली, मग रिकामं घमेलं.

"बाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, "माझं पाणी गल्लीला पाजून राहिल्या का?"

आईचा चेहरा उतरला. कारण सांगायला तोंड उघडलं असेल, पण समोरच्या घरांतून चार बायका बघत होत्या, आणि चारचौघींत 'सोयराचं' म्हणणं तिच्या जिवावर आलं असावं. शिवाय मनातून तिला वाटत होतं की हे बोलायचं कशाला, अव्वांना समजायला हवं. आपण त्यांच्याच पूजेसाठी करतो आहोत. तिनं रिकामं घमेलं काखेला लावलं. अव्वा काहीतरी कानडीत बोलल्या आणि आत गेल्या. न्हाणीमागे कण्हेरीची पानं मुडपली होती आणि वाळा टोकाकडून पिवळा पडत बुडाशी आला होता.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी बाळंतिणीच्या दोन घागरी नव्हत्या. आमच्या दोन होत्या, बरोबर भरलेल्या. त्यात स्वयंपाक, प्यायचं, सगळं. आईनं बाळाला तांब्याभर पाण्यात पुसून काढलं. ताईनं काही मागितलं नाही, तेच वाईट. दुपारी ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, मी उदगीरला जाते. सासूबाईंना कळव." आई तिच्या केसांतून हात फिरवत होती तो थांबला. बाबा काही बोलणार होते. आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते कचेरीत निघून गेले. रविवार होता.

उन्हं कलल्यावर आई उठली आणि आवार ओलांडून अव्वांच्या दाराशी गेली. मी मागोमाग. पायरीच्या खालीच थांबली.

"आत या की," अव्वा आतून म्हणाल्या. राग होता, पण दारात आलेल्याला आत या म्हणायची सवय रागापेक्षा जुनी होती.

"कशी येऊ? बाळंतिणीचं सगळं मी करते. सोयर आहे."

"मग?"

"म्हणूनच टाकलं पाणी. सोयराचं पाणी कण्हेरीला कसं घालू? तुमच्या पूजेची फुलं ती. वाळ्यालाही घातलं नाही. वाळा चाललाय माझा, अव्वा. आईच्या हातचा आहे तो. तरी नाही घातलं." आणि मग एकदम, "मला रागवा. पण पोरीचं पाणी नका बंद करू. ती परत जायचं म्हणते."

अव्वा दारात आल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, इतका जोरात की भस्माचा पट्टा पुसला.

"अय्यो शिवा! आमच्यासाठी टाकलं? बाई, आमच्यात सोयर न्हाई, सुतक न्हाई, काही न्हाई. जनमल्या जनमल्या लेकराच्या गळ्यात लिंग बांधतो आम्ही. मग इटाळ शिरायचा कुठून?" त्या पायरीवर मटकन बसल्या. "दोन वरसं एका आवारात ऱ्हाऊन राहिलो. इचारलं का न्हाई एका सबदानं?"

"तुम्हीही नाही विचारलंत," आई म्हणाली. हरलेली असतानाही ती शेवटचा शब्द सोडत नसे.

अव्वा हसायला लागल्या. मग आईही हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि अव्वांनी तिचा हात धरून तिला पायरीवर ओढून शेजारी बसवलं. आई अंग चोरून बसली, पण बसली.

दुसऱ्या सकाळी दोन घागरी घेऊन अव्वा थेट आमच्या न्हाणीत शिरल्या. आई 'अहो, अहो' करत राहिली. त्यांनी लुगडं गुडघ्यावर घेतलं, पाय पसरले, बाळाला पायांवर घेतलं आणि कानडीत काहीतरी गात तिला असं न्हाऊ घातलं की पोर रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सातवाच दिवस होता. मग ताईला न्हाऊ घातलं, तिच्या केसांत बोटं घालून, सावकाश, एकदाही 'पुरे' न म्हणता. आई दाराच्या चौकटीला टेकून ते बघत होती. घमेलं अव्वांनीच उचललं, कण्हेरीला अर्धं घातलं, वाळ्याला अर्धं. जमीन इतकी तापलेली होती की पाणी आत जाताना आवाज आला. मग खुरपं घेऊन त्यांनी वाळ्याच्या बुडाशी उकरलं, बोटभर मुळी तोडली, धुतली आणि आपल्या पूजेच्या तांब्यात टाकली. त्या पाण्यानं लिंगाला अंघोळ घातली आणि ते तळहातावरचं पाणी तीर्थ म्हणून पिऊन टाकलं. सगळं आईसमोर. वर म्हणाल्या, "बघा. हाय का जित्ती?"

आई लगेच बदलली असं मी सांगणार नाही. ती तशी बाई नव्हती. उरलेले दिवस तिनं आपल्या देवाच्या तांब्यात वाळा घातला नाही, पण रोज घमेलं स्वतःच्या हातानं नेऊन झाडांना घातलं. बारशाच्या दिवशी गल्लीतल्या बायका जमल्या तेव्हा माठात त्याच वाळ्याची जुडी होती. ज्या चौघींनी गल्लीतला तमाशा पाहिला होता त्यांना तिनं पहिले पेले दिले. पाणी किती छान लागतंय, असं सगळ्या म्हणाल्या. आई आणि अव्वा एकमेकींकडे बघत नव्हत्या, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. वाळा वरून पुरा वाळला होता, पण मुळं खोल गेली होती. बुडातून तो असा फुटला की कण्हेरीला झाकू लागला. थंडी संपल्यावर आईनं पहिल्यांदाच आख्खा ठोंब खणला आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एक जुडी आणि एक फुटवा दिला. ताईनं एक फुटवा उदगीरला नेला. आज ती पोर, जिला अव्वांनी न्हाऊ घातलं, स्वतः दोन मुलांची आई आहे आणि तिच्या गॅलरीत रंगाच्या डब्यात वाळा आहे. माझ्याकडचा यंदा कुंडीत कुजला, म्हणून तर ते पुडकं आणायची वेळ आली. तिच्याकडून फुटवा मागवला आहे. मी आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली, पुष्कळ चांगली माणसं भेटली. पण कुणाचे उपकार आठवायला बसले की आधी मला न्हाणीत पाय पसरून बसलेल्या अव्वाच दिसतात. एक दिवस वगळता आमच्या घरातल्या बाळंतिणीला त्या दिवसांत पाणी कमी पडलं नाही, हे त्यांचं देणं आहे.

पुढे आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर बांधलं. वाळा अर्थात आधी तिकडे गेला, भांडी नंतर. अव्वा गेल्या तेव्हा बाबा नव्हते आणि आई चांगलीच थकली होती, तरी रिक्षा करून गेली. त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात. अव्वांना बसवलं होतं, भस्म लावलं होतं, बेलाची पानं वाहिली होती. आईनं पिशवीतून वाळ्याची जुडी काढून त्यांच्या मुलाच्या हातात दिली. त्यानं काही न विचारता ती बेलाच्या पानांबरोबर ठेवली.

मी दोन दिवसांनी घरी गेले तर देवघरात दिवा नव्हता आणि देव पारोसे होते. आई आतल्या खोलीत जमिनीवर चटई टाकून बसली होती, भिंतीला टेकून. आपल्यात कोण गेलं, हेच आधी मनात आलं. सुतक धरलंय, ती म्हणाली. कोणाचं, म्हणून विचारलं तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी विसरले होते.

"आई, त्यांच्यात सुतक नसतं," मी म्हणाले. "अव्वांनीच सांगितलं होतं ना तुला? त्यांच्या घरी कालसुद्धा पूजा झाली."

"त्यांच्यात नसेल," आई म्हणाली. "मला तीन दिवस आहे. माहेरचं आहे."